रडणाऱ्या बाईचा आवाज

प्रिय बार्नो,

ताश्कंदला आता ऊन तापायला लागलं असेल. इथे मर्गिलानमध्ये जर्दाळूचा बहर गळून झाडांना फळंही धरली. फोन करायचा सोडून मी कागद घेऊन बसले याचं तुला नवल वाटेल. पण फोनवर बोलायला गेलं की तुझ्या बाजूला कुणीतरी असतं, माझ्या बाजूलाही कुणीतरी कान देऊन बसलेलं असतं. हे तू एकटीने, दार लावून वाचावंस असं मला वाटतं. तुझी नात गेली तेव्हा मी यायला हवं होतं. कामचिकच्या खिंडीत बर्फ कोसळला होता, गाड्या अडकून पडल्या होत्या. इक्रोम फोनवर एवढंच म्हणाला, ‘‘इनोबतखाला, नीलुफरच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.’’ आणि तो रडायलाच लागला. तू फोनवर आली नाहीस, आणि मीही हट्ट धरला नाही. लेकाचं रडणं ऐकल्यावर आईला बोलाव कसं म्हणायचं?

आपला गप, मैत्रिणींची ती चहाची बैठक, अजून चालू आहे. तू गेल्यापासून तुझी जागा कुणाला दिलेली नाही. वसंत लागला तेव्हा तो हुरमतच्या घरी भरला होता. तिने नव्या पाल्याचे सामसे केले होते, कडेने जरा करपलेले, तिचे नेहमी करपतात तसे. रोबिया म्हणाली, ‘‘हुरमत, तुझ्या तंदूरला तुझ्या जिभेची झळ लागते वाटतं.’’ सगळ्या हसलो. चहाची दुसरी किटली आली आणि रोबियाने फोन काढला. तिच्या बहिणीने एक आवाज पाठवला होता, नमनगानहून. एक बाई रडत होती. खाली कुणीतरी बासरीचे करुण सूर लावले होते. ती म्हणत होती, ‘माझ्या लेकराला सुई टोचली आणि माझं लेकरू गेलं. बायांनो, तुमची पोरं सांभाळा.’ इतकंच होतं ते. हुरमत चहा ओतत होती, तिचा हात तसाच राहिला आणि पेला भरून वाहिला.

खरं सांगते, त्या दिवशी त्या खोलीत त्यावर कुणाचाच विश्वास बसला नव्हता. मी तीस वर्षं बालवाडीत काढली, किती पोरांना मांडीवर धरून लस टोचवली त्याला गणती नाही. मी तसं बोललेसुद्धा. तुर्सुनोय म्हणाली, ‘‘अगं, मलाही पटत नाही. पण गोवरची लस पुढच्या आठवड्यात आहे ना, महिनाभर थांबायला काय जातंय?’’ हुरमत म्हणाली, ‘‘इतर काय करतात ते बघू.’’ हे वाक्य मला तेव्हा किती साधं वाटलं होतं. घरी जाताना मात्र माझ्याखेरीज प्रत्येकीने तो आवाज स्वतःच्या फोनवर मागून घेतला. कशाला, तर म्हणे सुनेला ऐकवायला, तिलाही कळू दे बाहेर काय चाललंय.

मग तो आवाज गल्लीतून फिरला. नानवाल्याकडे रांगेत ऐकला, शाळेच्या फाटकाशी ऐकला, लग्नाच्या पंगतीत पुलावाची वाट बघत बसलेल्या बायकांत ऐकला. दर वेळी त्यात काहीतरी भर पडलेली असायची. आधी ती बाई नमनगानची होती, मग कोकंदची झाली, आणि पंधरवड्याच्या आत आमच्या बाजारामागची झाली. एकीने मला छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘‘माझ्या जावेच्या शेजारणीने मयत डोळ्यांनी पाहिली.’’ ती बाई खोटं बोलत नव्हती गं. तिला जावेने सांगितलं होतं, आणि जाऊ तिच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती. परका माणूस येऊन सांगता तर त्याला आपण हुसकून लावलं असतं. हे प्रत्येकीकडे आलं ते तिच्या सर्वांत जवळच्या माणसाच्या हातून. पराचा कावळा झाला आणि कुणाच्याच हाताला पीस लागलं नाही.

लसीच्या दिवशी दवाखान्यात मुकर्रम एकटी बसून राहिली. आपल्या मशिदीमागच्या सुताराची धाकटी मुलगी, आता नर्स झाली आहे. इक्रोमच्या लग्नाच्या मांडवात नाचली होती तीच. चार पोरं आली आणि त्यांतली दोन तिच्याच बहिणीची. बाकीच्या आया फाटकापर्यंत येत, आत बघत, आत कुणी नाही असं दिसलं की परत फिरत. मी तिच्याकडे चहा घेऊन गेले होते. ती म्हणाली, ‘‘खाला, भांडायला आल्या असत्या तरी चाललं असतं. भांडले असते मी. या तर नुसत्या बघून जातात.’’ पुढे तिला रस्त्यात सलाम करणं बंद झालं. तिच्या भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडचे म्हणाले, मुलगी चांगली आहे हो, पण लोक काय म्हणतील. एका सकाळी तिच्या दारावर कुणीतरी कोळशाने सुई काढून ठेवली होती. तिने ती धुतली नाही. नवऱ्याने पुसायला घेतली तर म्हणाली, ‘‘राहू दे. ज्याने काढली तो रोज इथूनच जात असेल. त्याला दिसू दे.’’ आता ती दोघं कझाकस्तानात जायचं बोलताहेत.

आणि मग गोवर आला. पहिल्यांदा वीटभट्टीकडच्या घरात, मग गल्लीत. तुर्सुनोयच्या नातवाला झाला. अकमल, सहा वर्षांचा, गाढवावर उलटा बसून हिंडणारा. ताप डोक्यात चढला, बरेच दिवस फरगानाच्या इस्पितळात होता. वाचला. घरी आणला त्या दिवशी मी भेटायला गेले. तो अंगणात पाठमोरा बसून मातीत रेघा ओढत होता. तुर्सुनोयने हाक मारली, ‘‘अकमलजान, बघ कोण आलंय.’’ त्याने मान वळवली नाही. तिने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘मला माहीत आहे त्याला ऐकू येत नाही. पण हाक मारायची थांबले तर काय उरलं?’’

बार्नो, मला वाटलं होतं आता तरी डोळे उघडतील. पुढच्या गपात मी तेच म्हणाले. रोबियाने मान हलवली आणि अगदी समजुतीच्या सुरात मला सांगितलं, ‘‘अगं, गोवर आला कुठून? ज्या चार पोरांना टोचलं त्यांच्याकडूनच पसरला. सगळ्यांना माहीत आहे.’’ आणि तुर्सुनोय, जिच्या घरात ते मुकं झालेलं अंगण आहे, तीही हो म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. आगीवर पाणी ओतावं आणि पाण्यानेच ती भडकावी, तसं झालं होतं. आता कुणाला काही पटवायची गरजच उरली नव्हती. जे घडेल ते त्याच गोष्टीच्या पोटात जाणार होतं. परवा मुलांचे डोळे तपासून थेंब घालायला माणसं येणार म्हणून नुसती कुणकुण लागली, तर आयांनी शाळेतून पोरं खिडकीतून बाहेर काढली.

आता माझ्या घरचं सांगते. माझा मुरोद तिकडे रशियात कझानला कामावर आहे, घरात मी, सून झुलखुमोर आणि माझी तीन वर्षांची नात शाहनोझा. झुलखुमोर चांगली पोर आहे. तिने माझ्याशी कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशीही नाही. मी म्हणाले, ‘‘उद्या मुकर्रमकडे जाऊन शाहनोझाला टोचून आणू, मी बरोबर येते.’’ ती म्हणाली, ‘‘बरं, आई.’’ सकाळी उठून बघते तर दोघी नव्हत्या. उंबऱ्याशी नाश्ता झाकून ठेवलेला, अंगण झाडलेलं. संध्याकाळी तिचा माहेराहून फोन आला. म्हणाली, ‘‘तुम्ही वाईट नाही आई. पण ती बाई रडत होती ना, ते खोटं नव्हतं. कुणी पैसे घेऊन असं रडत नाही.’’ आणि ते रडणं खरंच होतं.

त्या रात्री मला झोप लागेना. सकाळी मी माझ्या फोनवर तो आवाज लावला. आधी तो मी इतरांच्या हातातच ऐकला होता, बासरीच्या सुरांसकट, बाजाराच्या गलबल्यात. शेजारच्या मुलीने मला एक जुना पाठवला होता, सूर न लावलेला, थोडा लांब. त्यात ती बाई ‘ब’वर अडते. ओठ मिटून हुंकार देते, आणि मग शब्द पुढे ढकलते. चौथीत मास्तरीणबाई कविता म्हणायला उभं करायच्या, तेव्हा तू तशीच अडायचीस. मागच्या बाकावरून मी पहिलं अक्षर हळूच म्हणायचे, मग तुझी गाडी सुटायची. फोन बंद केला, पुन्हा लावला. तूच होतीस.

तू कुणाचं वाईट चिंतून ते बोलली नसशील हे मला कुणी सांगायला नको. इस्पितळात शेवटी तिला कसलीशी सुई टोचलेली तू पाहिली असशील, आणि पोरगी गेली त्या रात्री तू ते तुझ्या आदिबाला पाठवलं असशील, धाकट्या बहिणीपाशी नाही रडायचं तर कुणापाशी? आदिबाने एकीला ऐकवलं असेल, तिने दुसरीला. सूर कुणी लावले, तुझं नाव नि नीलुफरचं नाव कुणी कापलं, ते कधी कळायचं नाही. कदाचित तुझा आवाज असा गावोगाव फिरतोय हे तुला आज या कागदावरूनच कळत असेल. मला माफ कर. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, असं मी मनाला समजावते आहे.

मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, झुलखुमोरलाही नाही. तुझं दुःख तुला न विचारता वाटायचा मला हक्क नाही. आणि सांगितलं तरी ती म्हणेल, सासू नातीला टोचायला काहीही रचते. तू फोनवर नवा निरोप पाठवलास तर लोक म्हणतील, बाईला धमकावलं. म्हणून हे लिहिते आहे. काल संध्याकाळी कळलं, तिच्या माहेरच्या गल्लीत दोन घरांत गोवर निघाला आहे. शाहनोझाला अजून ताप नाही. मला तू इथे हवी आहेस, बार्नो. झुलखुमोरसमोर बसून, तिचा हात धरून नीलुफरच्या हृदयाचं सांग. त्यानंतर गावभर होईल की ती बाई तूच. आज तुझ्यासाठी रडणाऱ्या बायका उद्या तुला शिव्या घालतील, आणि किती जणींना ते पटेल हे मला माहीत नाही. बहुतेक फार थोड्या जणींना. एकीला पटलं तरी मला पुरे आहे. हे पत्र आणणारा माणूस अतलास रेशीम विकायला तुमच्याकडे येतो. तो परवा पहाटे परत निघेल, आणि त्याच्या गाडीत शेजारची जागा मी तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे.

तुझीच,
इनोबत