मधे उतरायचंय

४ फेब्रुवारी

ठरलं! जॉर्जिया!

मला युरोप हवा होता, हिला जवळचं काहीतरी. टेबलावर लेकीचा शाळेतला नकाशा पसरून सकाळपासून ओढाताण चालली होती. शेवटी हिने हातातली सुई काळ्या समुद्राच्या कडेला टोचली — "हे घ्या. धड युरोप नाही, धड आशिया नाही. तुमचंही खरं, माझंही खरं." आणि गेली दुकान उघडायला. कुणाचे तरी पडदे आज शिवून द्यायचे होते.

लेकीला फोन केला. "बाबा, जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतलं ना?"

नाही गं, दुसरं.

"दुसरंही आहे?"

आहे!

७ फेब्रुवारी

शिट्टी येऊन गेला. माझ्या बसवर जन्मभर कंडक्टर. आता दोघेही घरी बसलो, पण याचा जीव अजून तिकिटातच. "युरोप-आशियाच्या मधे? मधे म्हणजे नेमकं कुठे उतरायचं?"

त्याला सांगितलं, तिथे वडिलांना 'मामा' म्हणतात. खरंच! पुस्तकात वाचलं. गडी डोकं खाजवत बसला. मग म्हणतो, "म्हणजे तिकडे कुणी आपल्याला मामा बनवलं, की आपण बाप झालो!"

ही मशीनवर होती. हसता हसता शिवण वाकडी गेली. उसवत बसली बिचारी.

१२ फेब्रुवारी

सगळा प्रवास आखला. कुठून कुठे, किती वाजता, चहाला कुठे थांबायचं. हिने कागद उलटासुलटा करून बघितला. "अहो, ही सहल आहे की फेरी?"

जरा राग आला. मग मलाही हसू आलं. आयुष्य एकाच रस्त्यावर गेलं — डेपो ते कारखाना, कारखाना ते डेपो. दुसरं येतं काय मला!

१९ फेब्रुवारी

चहा घेऊन दुकानात गेलो. आत न जाता दारातच थांबलो. पायाने मशीन चालू आणि तोंडाने — "गामार्जोबा, गामार्जोबा." तिकडचा नमस्कार. टाक्याच्या तालावर!

मला बघितलं तसा पाय थांबला. मग हळूच — "विमानात दाराजवळची जागा मिळते का हो?"

"मिळाली तरी मधे उतरता येत नाही."

"ते कळतं मला. तरी."

बसमध्येही कायम दारापाशी बसायची. मी हिला पहिल्यांदा पाहिली ती माझ्या आरशातच.

२ मार्च

दोघांचे व्हिसा आले! हिने दोन जाड कोट शिवले. माझ्या कोटाला आतून एक जादा खिसा. "चष्मा हरवता म्हणून." माझी इतकी काळजी स्वतः मीही केली नसेल.

९ मार्च

पडलो. माळ्यावरून बॅग काढताना स्टूल सरकलं. घोटा मोडला. दीड महिना प्लास्टर.

१० मार्च

तिकिटं रद्द करू म्हणालो.  हिने माझ्या पायाखाली उशी सरकवली आणि दुकानात गेली.

१२ मार्च

आज जेवताना, भाजी वाढता वाढता — "मी जाते."

"कुठे?"

"जिथे जायचं ठरलंय तिथे."

मला वाटलं थट्टा करते. मग आवाज चढला माझा. एकटी? तू? रस्ता ओलांडताना माझा हात धरतेस तू!

तिने डाव खाली ठेवला. अगदी शांत. "तुमचा हात धरते, कारण तुम्ही बघत नाही. जन्मभर रस्ता वरून बघितलात. पायी चालता येतं का तुम्हाला? चुकून गाडीखाली जाल म्हणून धरते."



१३ मार्च

दिवसभर तोंड फुगवून बसलो. खोटं कशाला लिहू — वाईट वाटलं. सहल माझी, आखणी माझी, आणि बाई निघाली एकटी! लेक फोनवर म्हणाली, "बाबा, आई भीत भीत का होईना निघालीय. मोडता घालू नका."

संध्याकाळी माझ्या आखणीचा कागद तिला दिला. चहाच्या जागा खोडल्या आधी. तिला हवं तिथे पिईल.

१८ मार्च

गेली. विमानतळावर मी चाकाच्या खुर्चीत, मागे शिट्टी. आत जाण्याआधी माझी कॉलर सरळ केली.  म्हटलं, अजूनही राहू दे.

"आता बोलाल तर रडेन. मग तिथले लोक काय म्हणतील?"

शिट्टी मोठ्याने म्हणाला, "वहिनी, पुढे सरका, पुढे जागा आहे!" सगळी रांग वळून बघायला लागली. ही हसतच आत गेली.

१९ मार्च

पोचली.

२० मार्च

शिट्टी मुक्कामाला आहे. भात करपवतो आणि वर म्हणतो, "खमंग झालाय."

घरात मशीनचा आवाज नाही. कानाला सवय — सारखं वाटतं, आता सुरू होईल.

२२ मार्च

फोन आला. जुन्या गल्ल्यांत चुकली म्हणे. चुकली, आणि सांगताना खिदळत होती! एका बाईने हाताला धरून घरी नेलं, चहा दिला, हिने तिच्या पडद्याची उसवलेली दुमड शिवून दिली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. "पण शिवण कळते हो!"

इतक्या वर्षांत असा आवाज ऐकला नव्हता तिचा. मोकळा. मी नुसता हं-हं करत राहिलो. ठेवू नये वाटत होतं.

२४ मार्च

म्हणाली, "परतीचं तिकीट पुढे ढकललंय. बाकी सगळं बघितलं, डोंगर तेवढे शिल्लक ठेवलेत. एकटीने नाही बघणार. या."

विमान कंपनीला फोन केला. प्लास्टरसकट घेता का?

डॉक्टरांची चिठ्ठी आणा म्हणाले. घेतात!