बेकरीवाले काका गेले, पण बाबांना सांगू नका

तीर्थस्वरूप ताईंना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात.) तुमची टाच कशी आहे? मुलांचा खोकला गेला का? इकडे तुमचे बंधू ठीक आहेत, म्हणजे हातातला पेपर आणि डोक्यावरचा पंखा दोन्ही सोडत नाहीत. तुमचे बाबा ठणठणीत आहेत, हे मुद्दाम ठासून लिहिते. कारण मागच्या वेळी फोनवर मी नुसतं "गेले हो!" म्हणून हुंदका दिला आणि तुम्ही तिकडे बॅग भरायला घेतलीत. म्हणून या खेपेला पत्र.

गेले ते बेकरीवाले काका. तुम्ही मालिकांना नाकं मुरडता, म्हणून मुळापासून सांगते. सातच्या मालिकेत एक म्हातारे बेकरीवाले होते. बायको कधीच गेलेली, सुनेशी उभा दावा, पाव मात्र असा की बघूनच भूक लागावी. (पाव थर्माकोलचे असतात असं तुमचे बंधू म्हणतात. म्हणोत.) तर ते काका गेल्या आठवड्यात हृदयविकाराने वारले, आणि ताई, मी अजून थक्क आहे. जो माणूस कधी जन्मालाच आला नाही, तो मरतो कसा? आणि मेलाच, तर आपल्या घशाखाली घास का उतरत नाही? दुसऱ्या दिवशी आमच्या चष्म्याच्या दुकानात एका बाईंना तक्त्यावरची सगळ्यात मोठी ओळही दिसेना. मी काचा बदलून बदलून दमले. शेवटी त्याच म्हणाल्या, "काचांचं राहू दे गं. काल सात वाजता बघितलंस ना?" मग आम्ही दोघी एकाच रुमालाने डोळे पुसले. आमचे मालक, ज्यांच्या डोळ्यात पाणी म्हणजे फक्त मोतीबिंदूचं ऑपरेशन, तेही काउंटरमागे बराच वेळ एकच चष्मा पुसत होते. एवढ्या माणसांना एका वेळी रडवणारी ती काय शक्ती असेल! मला तर हात जोडावेसे वाटले, पण कुणाला जोडायचे ते कळेना.

माझी खरी अडचण मात्र बाबांची आहे. छापखान्यातल्या यंत्रांनी त्यांचे कान नेले, हे मी तुम्हाला काय सांगायचं. आई गेल्यावर ते ताट घेऊन आपल्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे, बोलणं तर बंदच. एकदा पाणी प्यायला बाहेर आले असताना समोर काका पीठ मळत होते. बाबा थांबले, बघत राहिले आणि म्हणाले, "सैल झालंय." कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला हो! त्या दिवसापासून सातला बाबा बाहेर, त्यांचं ताट बाहेर, आणि मी शेजारी पाटी घेऊन. पडद्यावरचे लोक काय बोलतात ते मी भराभरा लिहिते, बाबा वाचतात, मी पुसते. (पदराला कायम खडू. दुकानात सगळे मला मास्तरीणबाई म्हणतात.)

तर त्या दिवशी पडद्यावर डॉक्टरने मान हलवली, बायकांनी टाहो फोडला, आणि बाबांनी पाटीसाठी हात पुढे केला. माझा खडू चालेना. काका गेल्याचं कळलं आणि हा माणूस पुन्हा खोलीत जाऊन बसला तर? मी लिहिलं, "झोप लागली. आराम सांगितलाय." "मग त्या बायका का रडतात?" बाबांनी विचारलं. "आनंदाने. नातीला नोकरी लागली." पुढच्या भागात भिंतीवर काकांचा मोठा फोटो आला. "छान आलाय म्हणून लावला." पण खुर्ची रिकामी दिसायला लागल्यावर मात्र काकांना घराबाहेर काढणं भाग पडलं, म्हणून त्यांना समुद्राकाठी बहिणीकडे पाठवून दिलं.

आता पडद्यावर काहीही चालू असो, पाटीवर काकांचीच खबरबात असते. ते तिथे सायकल शिकले. एकदा पडलेसुद्धा. मेव्हण्याशी भांडून त्यांनी भट्टी घातली. ताई, मी एवढी खोटारडी आहे हे मला ठाऊकच नव्हतं! आणि लिहिता लिहिता मलाच ते दिसतात, वाळूत पाय रोवून उभे, अंगाला पीठ. बाबांचा चेहरा उजळतो. परवा मात्र त्यांनी विचारलं, "तिथे त्याची बायको भेटली का त्याला?" मी चपापले. वयोमानाने विसरले असतील, ती बिचारी पहिल्या भागाच्या आधीच गेलेली. पण त्यांचं मन मोडवेना, मी लिहिलं, "हो, भेटली." बाबा कितीतरी वेळ पाटी हातात धरून बसले. पुसू देईनात. मग म्हणाले, "बरं झालं."

असो. थोरांना नमस्कार, लहानांना एकेक पापा, आणि टाचेला गरम पाण्याचा शेक.

तुमची,
धाकटी

ता. क. रविवारी तुम्ही येताच आहात. मालिकेतल्या भिंतीवरच्या त्या फोटोकडे बघून "हे कोण गेले?" असं विचारू नका. विचारलंतच, तर निदान बाबांच्या कानात ओरडून विचारू नका.

ता. क. २. खरं काम राहिलंच. माझ्याजवळचं सगळं संपलं. म्हातारा भाऊ बहिणीकडे राहायला आला तर दिवसभर काय काय करेल, ते दोन पानं भरून लिहून आणा. पत्र टाकायला बाबांकडेच देते, टपालपेटी त्यांच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. ते कधी कुणाचं पत्र उघडायचे नाहीत.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. पाकीट मी उघडलं आहे. छापखान्याच्या मशीनखात्यात आम्ही माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचो, हे तुला माहीत आहे. तू डबा घेऊन यायचीस. तुझा भाऊ तिकडे कधी फिरकला नाही. तो डॉक्टर तोंडातल्या तोंडात बोलतो, पण 'गेले' एवढं मला त्याच दिवशी दिसलं. यातलं सूनबाईला काही सांगायचं नाही. मला सगळं कळतं म्हटल्यावर तिला शेजारी बसायचं कारण उरणार नाही. तेव्हा रविवारी आलीस की माझ्याशी चांगलं ओरडूनच बोल.