अर्थिंगला पाणी

१२ फेब्रुवारी १९७३, सोमवार

घूंऽऽ आहेच! दुपारी दुकान बंद करून ठरवलेली तिन्ही गाणी टेपवर घेतली. अण्णा कधी नव्हे इतका सुंदर गायला. टेप मागे फिरवून ऐकली, तर गाण्याच्या आधी घूं, गाण्याच्या मागे घूं, अण्णा श्वास घ्यायला थांबला की त्या फटीतही घूं! माझ्या बेस गिटारचं हमिंग. जाड तारांची ही गिटार मी मुंबईला एका गोवेकर वादकाकडून घेतली, तिचा अॅम्प्लिफायर स्वतःच्या हातांनी बांधला. आणि आता गावभरचे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या तिप्पण्णाला त्यातला भुंगा काढता येत नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

टेपचं स्पूल एकच आहे. टेपरेकॉर्डरही गिऱ्हाइकाचा, दुरुस्तीला येऊन पडून राहिलेला. उद्या ह्याच टेपवर पुन्हा घेऊ.

मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला पाच मार्च सांगितलीय. घशातली गाठ काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल, म्हणाले. अण्णा जगेल, पण बोलणार नाही. गाणं तर सोडाच. इतकी वर्षं आम्ही दोघे भाऊ ऑर्केस्ट्रात शेजारी शेजारी उभे राहिलो. बोर्डावर मोठ्या अक्षरात अण्णा, म्हणजे चन्नवीर, खाली बारीक अक्षरात मी, त्याचा धाकटा तम्मा. त्याचं एकही गाणं कुणी टेप करून ठेवलेलं नाही. मीसुद्धा नाही! रोज ऐकतोय की, असं वाटायचं.

१३ फेब्रुवारी

ट्यूबलाइट बंद केली. पंखा बंद केला. अॅम्प्लिफायरचे कंडेन्सर बदलले. ट्रान्सफॉर्मर फिरवून आडवा बसवला. काही फरक नाही. अर्धं गाणं घेतलं नि थांबवलं. घूंऽऽ.

१५ फेब्रुवारी

वायर बदलली, जाळीवाली शिल्डिंगची. घूंऽऽ. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललंय माझं.

जगदेवी वैनी चहा घेऊन आली, दारातच उभी राहिली. म्हणाली, "भावजी, गिटार हवीच कशाला? त्येंना नुसतं म्हणू द्या की. मला कुटं बाजा पायजे?"

खरं म्हणजे तिचं बरोबर होतं. पण मी काही बोलायच्या आत अण्णाच म्हणाला, "तम्मानं वाजवल्याबिगर मला जमत न्हाय गं. पायाखाली जमीन नसल्यागत वाटतंय." त्याचा आवाज घोगरा झालाय. बोलताना जाणवतो, गाताना अजून जाणवत नाही.

मला बरं वाटलं. इथे खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं! ऑर्केस्ट्रात माझ्या वाजवण्याकडे कुत्रंसुद्धा लक्ष देत नाही. लग्नात माणसं विचारायची, "ते मधी उभारलेलं काय वाजवतंय?" बाकीची मंडळी दुष्काळात पांगली. ढोलकीवाला सांगोल्याला रस्त्याच्या कामावर गेला. राहिलो मी एकटा. अण्णाच्या शेवटच्या गाण्यात माझ्या गिटारला घाण आवाज यावा हे मला चालणार नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार

माझी सगळी भिस्त आजच्यावर होती. समोरच्या यंत्रमागांना सुट्टी. आठवडाभर त्यांच्या मोटरींच्याच नावाने बोटं मोडत होतो. माग थांबले, आळी कशी गप्प झाली. अॅम्प्लिफायर लावला —

घूंऽऽ! उलट आता जास्तच स्पष्ट.

तरी अण्णाने पहिलं गाणं म्हटलं. वरचा सूर फाटला. पाणी प्याला, पुन्हा म्हटला, पुन्हा फाटला. मग हसला आणि म्हणाला, "उद्या घेऊ की." मी टेप थांबवली.

मला रडायला आलं. दुकानात बसून रडलो. कसला मेकॅनिक मी!

१९ फेब्रुवारी

सापडलं! लाज वाटावी असं सापडलं.

एका हाताने गिटारच्या तारा धरल्या आणि दुसरा हात लोखंडी मांडणीला लागला. झिणझिण्या आल्या. मग डोक्यात प्रकाश पडला — अर्थिंग! मागच्या अंगणात जाऊन पाहिलं. मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी मीच तिथे पुरली होती. वायर शाबूत आहे, पट्टी शाबूत आहे. पण भोवतालची जमीन सुकून भेगाळलीय, बोट आत जाईल एवढ्या भेगा. कोरड्या मातीत अर्थिंग असलं काय नि नसलं काय! प्रत्येक गिऱ्हाइकाला मी बजावत आलो, "अर्थिंगला पाणी घालत जावा." आणि माझ्याच घरात दीड वर्षात कुणी थेंब घातला नसेल. कोण घालणार? प्यायला नाही तिथे!

म्हणजे औषध ठाऊक आहे. ते टँकरमधून येतं, नि त्याच्यासाठी बायका भांडून एकमेकींच्या झिंज्या उपटतात.

२० फेब्रुवारी

आज आंघोळ केली नाही. माझ्या वाटणीची बादली खड्ड्यात ओतली. मातीने चर्र करून पिऊन टाकली. हमिंग किंचित उतरलं, किंवा मलाच तसं वाटलं.

शेजारच्या मल्लव्वाने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "यप्पा! येडा झालास का रं तिप्पण्णा? माणसं पाण्यासाठी मरायलीत, आन् तू भुईला पाजतोस व्हय?" काय सांगणार तिला? चांगला सूर यावा म्हणून ओततोय, असं? सांगितलं असतं तर तिने आळी गोळा केली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं.

२१ फेब्रुवारी

आज टँकर आला. वैनीला दोन घागरी मिळाल्या, तीन तास उन्हात उभी राहून. मी तिला काही मागितलं नव्हतं, देवाशप्पथ! अण्णाने सांगितलं असणार. ती सरळ मागच्या अंगणात गेली. मी म्हणालो, "वैनी, राहू दे." तिने माझ्याकडे बघितलंही नाही. एक अख्खी घागर सावकाश, धार धरून खड्ड्यात ओतली. मग म्हणाली, "आता तरी घ्या टेप. रोज ऐकायलीय मी. घसा बसत चाललाय त्येंचा."

दुपारी अॅम्प्लिफायर लावला. हमिंग निम्म्यावर! अण्णाला हाक मारली, तर तो झोपला होता. अंगात कणकण होती. उठवलं नाही. पूर्ण जाऊ दे, उद्या घेऊ.

२२ फेब्रुवारी

सकाळी उरलेल्या घागरीतलं थोडं ओतलं. गिटार जोडली. बटण दाबलं.

काही नाही! घूं नाही, खरखर नाही. एक तार छेडली — मातीच्या रांजणात बोलावं तसा भरीव, स्वच्छ आवाज. तसाच पळत आत गेलो.

अण्णा अंथरुणावर बसला होता. मला बघून तोंड उघडलं. नुसती हवा आली.

तरी तो येऊन बसला. खूण केली — वाजव. मी वाजवत गेलो. त्याचे ओठ हलत होते, मानेच्या शिरा टरारत होत्या, पण बाहेर फक्त वारा. घसा मोकळा होईल, पुढच्या कडव्याला होईल, ह्या आशेवर मी टेप चालूच ठेवली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, तिसरंही झालं. मग त्याने माझ्या हातावर हात ठेवला नि मी थांबलो.

तिन्ही गाणी. स्वच्छ. वरातीमागून घोडं!

२४ फेब्रुवारी

वैनीने विचारलं, "पयल्या दिवशीचं हाय की? भुंगा असला तर असू द्या, तेच लावा."

तिला सांगावं लागलं. त्याच टेपवर पुन्हा पुन्हा घेत गेलो, आधीचं सगळं गेलं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि भाकऱ्या थापायला गेली.

घागर मी फोडली असती, पैसे बुडवले असते, तर ते भरून देता आलं असतं. हे कुठून भरून देऊ?

४ मार्च

उद्या मिरज. अण्णा दिवसभर दुकानासमोर बसून होता. मी गिटार गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. त्याने पाहिलं. खूण करून विचारलं, का? मी शिडी उचलून आत ठेवली.

६ मार्च, मिरज

झालं. जिवाला धोका नाही म्हणतात. गळ्याला भोक आहे. वैनी त्याच्याकडे बघते आणि मी भिंतीकडे.

२५ मार्च

घरी आलो. अण्णा पाटीवर लिहून बोलतो. त्याने आज लिहिलं, "टेप लाव." मी नाही म्हणालो आणि बाहेर निघून गेलो.

२६ मार्च

मी नसताना वैनीनेच टेप लावली. तिला बंद करता येत नाही. तिन्ही गाणी संपली तरी स्पूल फिरत राहिलं. त्याच्या पुढे मी कधी जाऊच दिलं नव्हतं. मी दारात पोचलो तेव्हा घूंऽऽ ऐकू आलं. पहिल्या दिवशीचं, शेवटच्या गाण्यानंतरचं, पुसायचं राहिलेलं. आणि त्यात अण्णाचा आवाज — "लई भारी झालं की रं तम्मा! जगदेवीला देऊ ही. पुसू नगंस हं."

तो हे म्हणाला होता. माझ्याशेजारी बसून म्हणाला होता. मी तेव्हा हमिंग ऐकत होतो.