आनंद मोटर वाइंडिंगचा एक स्टार

७ फेब्रुवारी २०२२
दुकान उघडायच्या आधी गूगल पाहिलं. पाचपैकी पाच! तेवीस जणांनी स्टार दिले, एकानेही हात आखडला नाही. अड्याळसारख्या गावात जळक्या मोटरींत नवी तार भरणारा माणूस, आयटीआयचं तोंड पाहिलं नाही, कुणी शिकवलं नाही — आणि पाचपैकी पाच.

दुकानाचं नाव गूगलवर पोरीने, रुचिताने, नागपूरहून टाकलं. पण लोकांना उत्तरं मीच लिहितो. प्रत्येकाला वेगळं. कुणी 'वायडींग' लिहिलं तर उत्तरात 'वाइंडिंग' शुद्ध लिहून दाखवतो. सांगत नाही, दाखवतो.

तिची आई, रुखमा, म्हणते, सकाळपासून मोबाइलच फिरवून राहिले, एक दिवस तुमचीच मोटर जळन.

९ फेब्रुवारी
बपेऱ्याहून फोन. नवरदेवासाठी गाडी सजवून पाठवाल का? म्हटलं, कसली गाडी? तर म्हणे, 'आनंद मोटर वेडिंग' तुमचंच ना!

मराठी नाव मी अक्षर अक्षर तपासलं होतं. इंग्रजी पोरीवर सोडलं होतं. दुरुस्त करायला लावलं. बपेऱ्यावाल्याला लग्नाच्या शुभेच्छा दिल्या.

११ फेब्रुवारी
नाकाडोंगरीच्या एकाने लिहिलं — 'खतरनाक काम'. डोकं फिरलं. खतरनाक काय? अर्थिंग तपासल्याशिवाय माझ्या दुकानातून मोटर बाहेर जात नाही! तसं सविस्तर, मुद्देसूद उत्तर टाकलं.

रुचिताचा फोन. "बाबा, खतरनाक म्हणजे भारी! ते पुसा आधी."

पुसलं. त्याने पाच स्टार दिले होते. ते आधी पाहायला हवं होतं. शब्द फसवतात, स्टार फसवत नाही.

१४ फेब्रुवारी
एक स्टार!!

खाली शब्द नाही, कारण नाही. नाव मात्र स्वच्छ — तुलाराम हटवार. पाचाचे चार दशांश आठ झाले.

बसस्टँडजवळ त्याचंही मोटरचंच दुकान. आमची पहिली जळकी मोटर आम्ही दोघांनी मिळून खोलली होती, त्याच्या अंगणात. एक जण वेढे उलगडायचा, दुसरा मोजायचा. पुढे दुकानं वेगळी झाली, पण चहा एकत्र होता. चार वर्षांपूर्वी भर बाजारात, चारचौघांत म्हणाला, आनंदराव तांबं वाचवाले बारीक तार टाकते. मी! बारीक तार! तेव्हापासून बोलणं बंद.

आता हे.

१५ फेब्रुवारी
जेवण गेलं नाही. रुखमा म्हणाली, जाऊन विचारा ना काहून देल्ला म्हणून. मी कायले जाऊ? तो आला होता का तेव्हा?

१६ फेब्रुवारी
त्याचं दुकान शोधलं. पाटीचा तिरका फोटो, आणि एकही स्टार नाही. मी एक दिला. आता त्याच्या नावापुढे १.० दिसते. छान दिसते.

१७ फेब्रुवारी
तितकं छान दिसत नाही.

२० फेब्रुवारी
दुकानात कॉइलला वार्निश लावत होतो. समोर सावली आली. वर पाहिलं तर तुलाराम! मनात म्हटलं, आला भांडायला. ब्रश खाली ठेवला.

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "तुमचा एक भेटला, आनंदराव. लय बरं वाटलं."

मला टोमणा वाटला. टोमणा नव्हता. डोळे भरले होते त्याचे.

मग सांगत बसला. कोंढ्याच्या एका शेतकऱ्याची मोटर त्याच्याकडे बेअरिंगसाठी आली होती. आतली भरणी माझी. "कव्हर काहाडलं आन् पायतच रायलो. तार मोजली. बरोबर होती. म्या त्या दिवशी बाजारात खोटं बोललो, भाऊ. तोंडानं तं म्हणवत नव्हतं, म्हून बोटानं देल्ला — एक नंबर. आन् तुमीबी मनात ठेवलं नाही, मलेबी एक नंबर देल्ला."

एक नंबर! म्हणून एक स्टार!

मी जपून विचारलं, मग ज्यांनी पाच दिले त्यांचं काय?

"तेचंच तं वाईट वाटलं मले," तो म्हणाला. "चोवीस लोक, आन् सगळ्यायनं तुमाले पाचव्या नंबरवर टाकलं."

मी चहा सांगितला. दुसरं काय सांगणार होतो?

२१ फेब्रुवारी
रुचिता फोनवर हसता हसता ठसकली. मग म्हणाली, काकांना समजावून सांगा, ते बदलतील. तुम्हीही त्यांचे पाच करा.

त्याला सांगायचं नाही, असं तिला बजावलं. त्याचे पाच मात्र करणार होतो. बोट पाचव्या स्टारवर नेलंही. तेवढ्यात ध्यानात आलं — त्याने पाहिलं तर? म्हणेल, आनंदरावनं मले एकावरून पाचावर उतरवलं!

स्टार राहू दिला. खाली लिहिलं : 'तुलाराम हटवार यांचं काम एक नंबर. मी मोटर खोलायला यांच्याच अंगणात शिकलो. — आनंदराव, आनंद मोटर वाइंडिंग.'

शुद्धलेखन तपासलं. चूक नाही. कुठल्याच शब्दात नाही.

२५ फेब्रुवारी
बसस्टँडवर गेलो. तुलारामच्या दुकानावर नवी पाटी चढली आहे. नावाच्या वर मोठा, पिवळा, एकच स्टार.

पेंटर अजून शिडीवरच होता. म्हटलं, इथलं झालं की माझ्याकडे ये. त्याने विचारलं, तुमचे पाच काढू ना?

एकच. पण टोकं सगळी सारखी पाहिजेत.