सेअरसाहेबांचा उजवा हात

६ एप्रिल १९६४, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. आमची कम्युनिस्टविरोधी चळवळ जिंकली की लोक विचारतील, हे सगळं सुरू कुठे झालं. तर मॅरियन गाव, इंडियाना, 'सेंट्री' मासिकाची मागची खोली. तिथे मी बसते.

लोकांना वाटतं मासिक संपादक चालवतो. संपादक फक्त लिहितो, आणि पाइप ओढतो. चालवतात सेअरसाहेब, मासिक त्यांचं आहे. देणगी कोणाकडून आणायची, निवडणुकीला कोणाला पुढे करायचं, कोणाला हळूच बाजूला सारायचं, सगळं तेच ठरवतात. पक्षाची माणसं येतात ती संपादकाकडे जात नाहीत. आमच्या खोलीत येतात. कारण इथे पट्ट्या आहेत. एका वर्गणीदाराची एक पत्र्याची पट्टी, तिच्यावर नाव-पत्ता; मशीनमध्ये घातली की तो अंकावर छापला जातो. अडतीस हजार पट्ट्या. साहेब त्या कपाटांवर हात ठेवून पाहुण्यांना सांगतात, चळवळ म्हणजे हीच.

पट्ट्या मशीनमध्ये कोण घालतं? मी.

९ एप्रिल
संध्याकाळी फर्न आली होती. माझी नणंद. काचेच्या कारखान्यात आहे, युनियनवाली, त्यामुळे तोंडाला खीळ नाही. ड्वेनचं पत्र आलं का म्हणाली. मी म्हटलं, टेक्सासात तेलाच्या विहिरीवर माणसाला लिहायला वेळ असतो का. फर्न म्हणाली, जानेवारीपासून विहीर खणतोय माझा भाऊ, आतापर्यंत पृथ्वीच्या आरपार चीनमध्ये निघाला असेल.

चीनचं नाव तिने मुद्दाम काढलं. मला रशिया-चीनची भीती वाटते हे तिला ठाऊक आहे. मी पाणी उकळून घेते त्यालाही हसते. वाचकांची पत्रं मी वाचते, तिने वाचलीत का? पाण्यात सरकार काय काय मिसळतं ते समजलं असतं.

मग म्हणाली, आर्लीन, अगं पोरीला तिथे टपालाच्या ढकलगाडीत निजवतेस, साहेबाला कळलं तर हाकलेल तुला. काढलं तर खाशील काय? मी हसले. सेअरसाहेब आणि मला काढतील!

(रात्री जरा धडधडलं. कॉफीमुळे.)

२२ एप्रिल
कंबर दुखते. पट्ट्यांचा एक खण वीस पाउंडांचा.
आज क्लीव्हलँडचे पाहुणे आले. ते यायच्या आधी ओडेगार्डबाईंनी मला माझ्या लोरीनसकट कागदाच्या कोठीत पाठवलं. ओडेगार्डबाई आमच्या खोलीच्या प्रमुख. म्हणाल्या, हूं की चूं करू नकोस. माणसांच्या गडबडीत सात महिन्यांच्या पोरीची झोप मोडेल म्हणून एवढी काळजी. युनियनमध्ये कोण करतं असं?

साहेबांना लोरीनबद्दल अजून माहीत नाही. कळलं की खूश होतील. योग्य वेळ बघतेय.

१२ मे, मंगळवार
मे अंकात साहेबांनी स्वतः लेख लिहिलाय. आईची जागा घरात. आया पोरं टाकून कामावर जातात, पोरं बिघडतात, मग सरकार घरात शिरतं, मागोमाग कम्युनिस्ट. मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा लोरीनला दूध पाजता पाजता, मशीन बंद पडलं होतं तेव्हा.

पूर्ण पटलं. आमच्या गल्लीतल्या तीन बायका जातात कामाला. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही.

फर्नला वाचून दाखवला. ती म्हणाली, आणि तू कुठे जातेस गं रोज सातला, चर्चमध्ये? मी म्हटलं, ते काम नाही, ती सेवा आहे. शिवाय मी पोर टाकून जात नाही, घेऊन जाते.  मग तिनेच उठून माझी भांडी घासली.

५ जून
लेखाला पत्रांचा पाऊस. पण सगळी पुरुषांची. साहेब बाहेरच्या खोलीत म्हणत होते, एखाद्या खऱ्या आईचं पत्र हवं होतं. मी दाराआडून ऐकलं.

खरी आई कोण? मी.

ठराव : उद्याच लिहायचं.

८ जून
लिहिलं. ओडेगार्डबाईंनी चुका सुधारल्या. शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडलं : तान्ह्या मुलाची आई कामावर दिसली तर मालकाने तिला त्याच दिवशी घरी पाठवावं, ती त्याला दुवा देईल. बाई म्हणाल्या, आर्लीन, हे वाक्य काढ. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, अगं जरा विचार कर. मी म्हटलं, केलाय. बाईंचं लग्न झालेलं नाही, त्यांना आईचं मन कळायचं नाही.

पत्र टपालाने टाकलं. आपलेपणाचा फायदा नको.

१ जुलै
छापून आलं! पहिलंच. खाली नाव, मिसेस आर्लीन स्टूप्स, मॅरियन, इंडियाना. माझ्या पत्राचे अडतीस हजार अंक मीच मशीनमधून काढले.
साहेबांना अजून कळलेलं नाही की मिसेस स्टूप्स म्हणजे मीच. मला ते 'मशीनवाली' म्हणतात. लाडाने.

तेराव्या तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत पक्षाचं अधिवेशन आहे, राष्ट्राध्यक्षपदाचा आमचा उमेदवार ठरणार. साहेब जाणार. पट्ट्यांची माहिती असलेलं माणूस सोबत लागेलच. लोरीनचे लंगोट धुऊन ठेवलेत.

९ जुलै, गुरुवार
नीट लिहिते.

सकाळी फोर्ट वेनहून मिसेस थॉर्नक्विस्ट आल्या. मोठ्या देणगीवाल्या, टोपीवर अख्खा पक्षी. त्यांना पत्रातल्या आईला भेटायचं होतं, क्लबाच्या जेवणाला भाषणाला न्यायचं होतं. साहेब म्हणाले, बाई गावातलीच आहे, आत्ता पत्ता काढतो. आणि त्यांना घेऊन थेट आमच्या खोलीत. कोठीत जायला वेळच मिळाला नाही. साहेब मला म्हणाले, मशीनवाली, स्टूप्सची पट्टी काढ.

मी काढली, हातात दिली आणि म्हटलं, साहेब, मीच ती.

थॉर्नक्विस्टबाई आनंदाने पुढे झाल्या. तेवढ्यात गाडीतून लोरीन रडली. बाईंनी वाकून बघितलं. म्हणाल्या, हे काय, तुम्ही टपालातून मुलंसुद्धा पाठवता का मिस्टर सेअर? साहेब हसले नाहीत. बाईंनी मला विचारलं, म्हणजे तू इथे कामाला आहेस? मी म्हटलं, काम नाही, सेवा. त्यांनी हातमोजे चढवले.

मग साहेबांनी मला पहिल्यांदा त्यांच्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली. अंक उघडून माझं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचलं. या वेळी मला 'मिसेस स्टूप्स' म्हणाले, 'मशीनवाली' नाही. म्हणाले, मी तुमच्या शब्दाचा मान राखतो, आजपासून तुम्ही घरी. मी म्हटलं, साहेब, माझा नवरा टेक्सासात आहे, म्हणजे असावा. ते म्हणाले, कुटुंब हाच देशाचा पाया.

मग मी दुवा दिली. लिहिलं होतं म्हणून.

दारात ओडेगार्डबाई उभ्या होत्या. गाडी ढकलत फाटकापर्यंत आल्या आणि तिथे ती परत घेतली, कारण ती टपालखात्याची.

१० जुलै
साहेबांना एका देणगीवालीपुढे असं करावंच लागलं. अधिवेशन झालं की बोलावतील. माझ्याशिवाय खण लावणार कोण?
फर्नला सांगितलं नाही.

१४ जुलै, मंगळवार
घरी आहे. आई घरी असली की मूल शांत राहतं असं लेखात आहे.
लोरीन चार दिवस झोपलेली नाही. अंगाई म्हटली, फिरवलं, पाजलं. तिला मशीनच्या आवाजाची सवय आहे, शांततेत डोळा लागत नाही. शेवटी दुपारी पातेलं पालथं घातलं आणि चमच्याने ठोकत बसले. खटक, खटक, मिनिटाला साठ.
झोपली.
थांबलं की उठते. डाव्या हाताने लिहितेय.