एकेचाळीसपर्यंत मोजलं

प्रिय दादा,

तू आत झोपला आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहितेय. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तू. एवढ्याशा अंतरासाठी पत्र लिहिणारी बहीण बहुधा मी एकटीच असेन. पण गेल्या दोन आठवड्यांत समोर बसून बोलायचं तीनदा ठरवलं, तिन्ही वेळा तू काहीतरी चेष्टा केलीस, मी हसले आणि विषय राहून गेला. आता पावणेदोन वाजलेत. सव्वातीनला तू उठशील, तोंडावर पाणी मारशील, चहा घेशील आणि मुलांना शाळेतून आणायला निघशील. त्याच्या आत मला हे संपवायचंय. विषय तुझा आहे, तुझ्या तब्येतीचा आहे, आणि तू ती व्हॅन चालवावीस की नाही, हा आहे. घे, लिहून टाकलं एकदाचं.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणशील की हिनं चार पुस्तकं वाचली आणि आता घरातल्या माणसांत रोग शोधत सुटली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला तसं होतं, हे कबूल. थायरॉइडचा धडा झाला की अर्धा वर्ग आठवडाभर आपापला गळा चाचपत फिरतो. तर गेल्या महिन्यात मॅडमनी मानवी आजार आणि विकार या विषयावर सादरीकरणं ठेवली. दोघी-दोघींच्या जोड्या, डब्यात चिठ्ठ्या, जी निघेल तो आजार आपला. तीन आठवडे अभ्यास करायचा, एक तक्ता बनवायचा, पंधरा मिनिटं बोलायचं आणि मग मॅडमच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. माझ्या जोडीला आली ती आमची अखंड बडबडणारी मैत्रीण रेडिओ, जी एकदा आपल्याकडे येऊन आईचं डोकं खाऊन गेली होती. आम्हाला मधुमेह हवा होता, कारण त्याचा तक्ता तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडे आयता होता. निघाला अपस्मार. रेडिओनं चिठ्ठी परत डब्यात सरकवायचा प्रयत्न केला. मॅडमनी नुसतं पाहिलं, आम्ही गुपचूप जागेवर.

अपस्मार म्हणजे फिट. माणूस धाडकन पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो. मलाही एवढंच माहीत होतं. ग्रंथालयात रेडिओ पुस्तकातून वाचत होती आणि मी तक्त्यावर उतरवून घेत होते. वाचता वाचता ती पुढच्या प्रकारावर आली. या प्रकारात माणूस पडत नाही. बसल्या जागी एकाएकी थबकतो, नजर एका ठिकाणी खिळते, हाक मारली तरी ओ देत नाही. ओठ चाटल्यासारखे हलतात, बोटं कपड्याशी चाळा करत राहतात. अर्धं मिनिट, एखादं मिनिट, कधी दोन. मग तो भानावर येतो आणि मधलं त्याला काहीच आठवत नाही. माझ्या हातातलं स्केचपेन तसंच कागदावर टेकून राहिलं आणि तक्त्यावर बटणाएवढा निळा डाग पडला. रेडिओ ओरडली. मी म्हटलं, पेनच खराब आहे.

दादा, पुस्तकात लिहिलेली ती तुझी समाधी होती.

आपण तिला समाधीच म्हणत आलो ना. जेवताना तुझा घास हातातच राहिला आणि दुसऱ्या हाताची बोटं शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी खेळायला लागली, की मी ओरडायचे, दादाची समाधी लागली. पाहुणे आले की मी तुझी नक्कल करून दाखवायचे आणि सगळ्यांची हसून हसून मुरकुंडी वळायची. तूही हसायचास. बाबा होते तेव्हा म्हणायचे, पोरगं एक तर मोठं विचारवंत होणार, नाहीतर कामातून जाणार. आई तेवढी हसायची नाही. ती तुझ्या हातातला कप काढून घ्यायची, आणि तू परत आलास की पुन्हा हातात द्यायची. तुझा चहा ती नेहमी अर्धा कपच का ओतते, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडलाच नाही.

जरा पाणी पिऊन आले. दारातून तुझ्याकडे पाहिलं. उताणा झोपलायस, एक पाय खाटेबाहेर. माझं आज काही खरं नाही. बसले की उठावंसं वाटतं, उठले की हे अर्धवट पत्र आठवतं.

सादरीकरणाच्या दिवशी ऐन वेळी पडद्यावरची चित्रं दिसेनात. आणि आयुष्यात कधी गप्प न बसलेली रेडिओ सगळ्या वर्गापुढे मुकी झाली. पाच मिनिटं भरून काढायची होती. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी खुर्चीवर बसले आणि तुझी नक्कल केली. तीच, पाहुण्यांपुढची. नजर, ओठ, दुसरं बटण, सगळं. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. हे कुठे पाहिलंस, म्हणून विचारलं. मी म्हणाले, व्हिडिओत. मग त्यांनी विचारलं की अशा माणसाचं काम जर गाडी चालवण्याचं असेल तर परिचारिका म्हणून तू काय करशील. मी घडाघडा उत्तर दिलं. त्याच दिवसापासून गाडी बंद, त्यात घासाघीस नाही. घरच्यांना सांगायचं, मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायचं, तपासण्या, मग औषधं नियमित. पुष्कळ जणांचे झटके औषधांनी थांबतात. बराच काळ एकही आला नाही आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तरच पुन्हा गाडीचा विचार. मॅडम म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे. आता हेच वर्गाबाहेर सांगता आलं पाहिजे."

आमचा पहिला नंबर आला. ते प्रमाणपत्र तू फ्रिजवर लावलंस, शेजारच्या न्हाव्याला बोलावून दाखवलंस, व्हॅनमधल्या मुलांनाही सांगितलंस की माझी बहीण डॉक्टरांच्या वरताण आहे. त्या दिवसापासून फ्रिज उघडताना मी मान खाली घालते. तुझ्या आजारावर बक्षीस मिळवलं आणि तुलाच सांगायची हिंमत झाली नाही.

आणि याहून जुनी एक गोष्ट आहे. मागच्या थंडीत तू व्हॅनची काच पुसत होतास आणि मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. तू पाठमोराच होतास. सहज विचारल्यासारखं विचारलंस, "काय गं, मधलीच मिनिटं गायब होतात, असं काही असतं का तुमच्या पुस्तकात?" मी मान वर न करता म्हटलं, असतं की, त्याला लग्नाचं वय म्हणतात. तू हसलास आणि काच पुसत राहिलास. किती दिवस मनात घोळवून तू ते विचारलं असशील? सगळ्या जगात तुला विचारायला मी एकटी होते आणि मी ते चेष्टेवारी नेलं. त्यानंतर आठवडाभरात व्हॅनची डावी बाजू शाळेच्या गेटाच्या खांबाला घासली. तू म्हणालास, ब्रेक नीट लागला नाही. मेकॅनिकनं दोनदा तपासलं, ब्रेकमध्ये काही सापडलं नाही. तू पुढचे कितीतरी दिवस कुणाशी धड बोलला नव्हतास. मला माफ कर. हे मला आधी लिहायला हवं होतं, पण धीर व्हायला इतकी पानं लागली.

मधेच उठून बाहेर जाऊन आले. तेवढ्यात तू कूस बदललीस. मला वाटलं जागा झालास. पावणेतीन होत आलेत.

आता आज सकाळचं. मला ग्रंथालयापाशी सोड म्हणून मी तुझ्या व्हॅनमध्ये बसले, ते खोटं होतं. मला डोळ्यांनी पाहायचं होतं. मनातून वाटत होतं, काही दिसणार नाही आणि मी सुटेन. तुझ्या मागच्याच सीटवर बसले, त्या जाड चष्म्याच्या मुलीशेजारी. मोठ्या चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडी हलली नाही. मागून हॉर्न सुरू झाले. आरशात तुझे डोळे दिसत होते, पण ते कुणाकडेच पाहत नव्हते. डावा हात शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी. मी हाक मारणार तेवढ्यात चष्मेवालीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "ताई, काकांना हाक नाही मारायची. मोजायचं असतं."

आणि सगळी व्हॅन मोजायला लागली, दादा. हळू आवाजात, पाढे म्हणावेत तसे. दप्तरं मांडीवर घेऊन, तुझ्या पाठीकडे बघत. एकेचाळीसला तू मान हलवलीस, चला म्हणालास आणि गाडी काढलीस. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुला वाटलं त्यांचं आपसांत काहीतरी चाललंय, तू आरशात बघून हसलास. त्या मुलीनं मला कानात सगळा हिशोब सांगितला. सगळ्यात जास्त छप्पन्न झाले होते, एकदा पेट्रोल पंपावर. कुणी घरी सांगत नाही, कारण काका चांगले आहेत आणि सांगितलं तर त्यांना काढतील. मग ती म्हणाली की गेटाच्या खांबाला लागलं होतं ना, तेव्हा अकराच झाले होते.

ग्रंथालयापाशी उतरले ती तशीच आईच्या शिवणाच्या दुकानात गेले. मशीन चालू असतानाच तिला सगळं सांगितलं. तिनं पाय थांबवला, सुईखालचं कापड काढून घडी घातली, पुन्हा उलगडलं. मग म्हणाली, "मला कळत होतं गं. नाव माहीत नव्हतं, एवढंच." तिथूनच मी मॅडमना फोन केला आणि सांगितलं की तो व्हिडिओ नव्हता. त्या रागावल्या नाहीत. डॉक्टरांचा पत्ता दिला, स्वतः फोन करून वेळ घेऊन दिली.

मला ठाऊक आहे तुझ्याकडून काय काढून घेतेय ते. तुला त्या गाडीशिवाय करमत नाही, सुटीच्या दिवशीही जाऊन टायरांना हात लावून येतोस. माझं शिक्षण थांबू नये म्हणून स्वतःचं सोडून स्टेअरिंगवर बसलास, आणि त्याच शिक्षणानं मी तुला खाली उतरवतेय. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं. पण डोळे मिटले की ती मुलं मोजायला लागतात, आणि अकराच्या पुढे कोणी मोजत नाही.

आता हे पत्र कशासाठी ते. तू उठून सवयीनं दाराशेजारच्या खिळ्याकडे हात नेशील. तिथे किल्ली नसेल, हे असेल. मघाशी उठून बाहेर गेले होते तेव्हा मी फोन करून बोलावलेले शाळेचे ते मिशीवाले ड्रायव्हर काका आले होते. किल्ली मी त्यांना दिली आणि व्हॅन घेऊन ते गेलेसुद्धा. त्यांना एवढंच म्हटलं की दादाला बरं नाही. पूर्ण खरं शाळेला तू सांगायचंस, डॉक्टरांकडून आल्यावर, तुझ्या तोंडानं. उद्या सकाळपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार आहे. याला धमकी समजायचं तर समज. डॉक्टरांची वेळ चारची आहे, आई परस्पर तिथे येतेय. मी बाहेर पायरीवर बसलेय. ओरडायचं असेल तर ओरड, नाही बोलायचं तर नको बोलूस, फक्त चपला घालून बाहेर ये. मुलं छप्पन्नपर्यंत थांबली होती. मी त्याच्या कितीही पुढे मोजेन.

तुझीच,
भुणभुण