टाकीमागचा थांबा

प्रिय सिंधू,

संसाराच्या सव्वीस वर्षांत तुला कधी एक ओळ लिहिली नाही. आज रविवार. नवापूरच्या भाड्याच्या खोलीत बसून लिहितोय, कारण काल सकाळी नाक्याच्या अलीकडे, पंक्चरच्या दुकानाशी, मी पुन्हा तसाच वागलो. तू जाऊन वर्ष झाल्यावरही.

आधी नोकरीचं सांगतो. इथल्या हॅचरीत अंडी उबवायच्या मशिनींची देखभाल माझ्याकडे आहे. शहाद्याच्या मोटार वायंडिंगच्या दुकानात स्वतःचं स्वतः शिकलो, ते कामी आलं. मॅनेजरनं सर्टिफिकेट मागितलं, मी बंद पडलेला पंखा मागितला. तुला हे आवडलं असतं, नाही?

खोली शोधायला चार दिवस गेले. हॅचरीची गाडी आठ वाजता नाक्यावरून माणसं उचलते, म्हणून प्रत्येक घरापासून नाक्यापर्यंत घड्याळ बघत चाललो. ही खोली बावीस मिनिटांवर. घरमालकीण हमीदाआपा अंगणवाडीत नोकरीला आहेत. त्यांचा पहिलाच प्रश्न, "गाडी किधर लगाओगे?"

"गाडी नाही. चालवता येत नाही."

"अच्छा है, आंगन में कपडे सुखेंगे. फिर अब तक काम पे कैसे जाते थे?"

"चालत," मी म्हणालो.

चालत! म्हसावदच्या मळ्यातून स्टँडपर्यंत तीन किलोमीटर रोज स्कूटीवर मला कोण सोडत होतं?

मी एकदा शिकायला गेलो, पाटाच्या चारीत पडलो आणि पुन्हा हँडल धरलं नाही. दुसऱ्यानं शिकवलेलं मला कधी सोसलं नाही. तू चाळिशीत भाचीकडून तीन दिवसांत शिकलीस, तेही माझी शहाद्याची बस चुकते म्हणून. आणि मी? स्टँडच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीमागे तुला थांबायला लावायचो. बायकोच्या मागे बसलेला मी कुणाला दिसू नये म्हणून. तू ब्रेक दाबून म्हणायचीस, "उतरा साहेब, तुमनं ठेसन उनं." ठेसन आलं म्हणे, टाकीमागे! मी शर्ट झटकून उरलेला रस्ता पायी जायचो.

कधी रागावली का नाहीस?

आणि तो डब्याचा दिवस. मी डबा विसरलो, तू थेट स्टँडवर आलीस. वायंडिंगच्या दुकानाचे मालक माझ्याशेजारीच उभे. "कोण शे हाई?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "शेजारीण."

तू ऐकलंस. पुढे आलीस, डबा हातात दिलास. "घ्या दादा, तुमना डबा."

दादा म्हणालीस मला. आवाज नेहमीचाच. डब्यात मेथीची भाजी, कळण्याची भाकरी, आणि कागदात वेगळी बांधलेली मिरचीची चटणी होती. तपशील सगळे आठवतात, सिंधू. 'चुकलो' हा शब्द मात्र तेव्हा आठवला नाही. संध्याकाळी तू न्यायला आलीस ती टाकीमागेच. मी मागे बसलो, तू गाडी चालू केलीस. त्या दिवसाचं आपण पुढे कधीच बोललो नाही.

काल हमीदाआपा त्यांची स्कूटी काढताना म्हणाल्या, "मैं उधरसेच जाती हूं, बैठो भाईसाब." बसलो. नाक्यावर हॅचरीची माणसं उभी दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "इथेच थांबवा."

"नाका तो आगे है."

"इथेच."

त्यांनी ब्रेक दाबला. माझ्याकडे बघून हसल्या. "मेरेवाले भी ऐसेच थे. दवाखाने के पीछे उतरते थे."

त्या गेल्या. मी पंक्चरच्या दुकानासमोर उभा राहिलो, आणि हात आपोआप शर्ट झटकायला गेला. तिथंच थांबला. तुझं ठेसन ऐकू आलं म्हणू का? ऐकू आलं.

उद्या सोमवार. आपांना आधी सांगणार आहे की मी चालत जात नव्हतो. मग त्यांच्या मागे बसेन आणि नाक्यावर, माणसांच्या मधोमध उतरेन. कुणी हसलं तर हसू दे. कुणी विचारलं तर तुझ्या बोलीत सांगेन, जी मी चारचौघांत तुलाही बोलू देत नव्हतो: "मन्ही बायको माले रोज सोडे."

तुझा,
दादा नव्हे, नवरा,
भास्कर